लुडविग प्रांटल : पातळ थरांचा अभ्यासक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना संत, समाजसुधारक, साहित्यिक यांची चरित्रे आपल्या डोळ्यांसमोर चटकन येतात. वैज्ञानिकाचे चरित्र हाती घेताना मात्र आपण थोडे बिचकतो. त्याचे काम समजले नाही तर त्याचे जीवन तरी कसे समजणार, अशी शंका मनात येते. ती शंका रास्त आहे. म्हणून जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी एक साधे निरीक्षण करावे, अशी आपणांस विनंती आहे.

संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावाल तेव्हा पंखा बंद ठेवून धुराकडे पाहा. सुरुवातीला धूर एखाद्या ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ वर चढतो. काही अंतरावर तो डळमळू लागतो, त्याला वळणे पडतात आणि पुढे तो गुंतागुंतीच्या भोवऱ्यांत विरून जातो. सरळ दोऱ्याच्या भागाला स्तरीय प्रवाह म्हणतात आणि विस्कटलेल्या भागाला संक्षुब्ध प्रवाह. आता छताच्या पंख्याकडे लक्ष द्या. दिवसभर वेगाने फिरूनही त्याच्या पात्यांवर धुळीचा थर कसा साचतो? एवढ्या वाऱ्याने धूळ उडून का जात नाही? या दोन घरगुती प्रश्नांत प्रांटल यांच्या आयुष्यातील कामाचा मोठा भाग सामावलेला आहे. एक तिसरा प्रश्नही त्यांनी आयुष्यभर हाताळला. वाहणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला किंवा त्याच्याही पुढे गेला, तर काय होते? हा प्रश्न आपण घरी पाहू शकत नाही.

प्रांटल यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1875 रोजी बव्हेरियातील फ्रायझिंग या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे तेथील कृषी महाविद्यालयात भूमापन आणि अभियांत्रिकी शिकवीत. आई दीर्घकाळ आजारी असे. त्यामुळे एकुलत्या एक मुलाचा सहवास वडिलांशीच अधिक घडला आणि डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर विचार करीत राहण्याची सवय त्यांना वडिलांकडूनच लागली. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ते आउगुस्ट फ्योपल यांचे विद्यार्थी झाले. 1900 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिचा विषय होता तुळयांचे बाजूला कलंडणे. प्रवाहाचा त्यात संबंध नव्हता.

प्रवाह त्यांच्या आयुष्यात आला तो न्यूरेंबर्गच्या यंत्रकारखान्यात. लाकडाचा भुसा आणि ढलप्या शोषून घेणारी नळी सुधारण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे सोपवले गेले. नळी हळूहळू रुंद केली की हवेचा वेग कमी होईल आणि दाब वाढेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात दाब अपेक्षेप्रमाणे वाढेना. हवा नळीच्या भिंतीला धरून न राहता तिच्यापासून सुटत होती. यंत्र सुधारून कारखान्याचे काम भागले; प्रांटल यांचे भागले नाही. प्रवाह भिंतीला का सोडतो, हा प्रश्न घेऊन ते 1901 मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी हॅनोव्हरला प्राध्यापक झाले.

त्या काळी द्रायुयामिकी, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या गतीचे शास्त्र, जणू दोन घरांत विभागलेले होते. गणितज्ञ घर्षण शून्य मानून सुरेख समीकरणे सोडवीत आणि त्यांतून वाहत्या पाण्यातील वस्तूला प्रवाह मुळीच अडवत नाही, असा निष्कर्ष निघे. अठराव्या शतकात दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने ही विसंगती दाखवून दिली होती. अभियंत्यांना तर रोज अडथळ्याशीच झुंजावे लागे. त्यांनी मोजमापांची कोष्टके करून ठेवली होती. त्यांमागील कारण त्यांच्यापाशी नव्हते. घर्षणासह पूर्ण समीकरणे एकोणिसाव्या शतकातच मांडली गेली होती, परंतु ती सोडवणे जवळजवळ अशक्य होते.

ऑगस्ट 1904 मध्ये हायडेलबर्ग येथे गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे प्रांटल यांना दहा मिनिटे मिळाली. छापलेला निबंध जेमतेम आठ पानांचा आहे. त्यातील कल्पना आपल्या पंख्याच्या पात्यावरच पाहू. पात्याला अगदी चिकटलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती स्थिर असते. म्हणून तेथली धूळ उडत नाही. पात्यापासून किंचित दूर गेले की हवेचा सापेक्ष वेग झपाट्याने वाढतो आणि थोड्याच अंतरावर तो पूर्ण होतो. घर्षणाचा सारा खेळ या पातळ थरातच चालतो. थराबाहेर घर्षण विसरले तरी चालते आणि गणितज्ञांची सुरेख समीकरणे तेथे लागू पडतात. थराच्या आत घर्षण धरावेच लागते. पण थर पातळ असल्यामुळे समीकरणे बरीच सोपी होतात. या थराला सीमास्तर हे नाव मिळाले. भिंतीलगतची मंद हवा वाढत्या दाबापुढे टिकली नाही की ती उलटी फिरते आणि प्रवाह भिंतीपासून सुटतो. भुशाच्या नळीतील कोडे येथे सुटले.

प्रांटल यांनी सोबत छायाचित्रेही दाखवली. पाण्याचा छोटा पाट, हाताने फिरवायचे चक्र आणि प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात सोडलेले चमकदार खनिजकण, एवढीच त्यांची प्रयोगसामग्री होती. सभागृहातील बहुतेकांना या व्याख्यानाचे महत्त्व कळले नाही. ज्यांना कळले त्यांत फेलिक्स क्लाइन हे थोर गणितज्ञ होते. त्यांनी त्याच वर्षी प्रांटल यांना गटिंगेनला आणले. हॅनोव्हरचे वरचे पद सोडून प्रांटल तेथे खालच्या पदावर गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्यांच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. व्याख्याते म्हणून ते प्रभावी नव्हते. एखादे विधान केले की ते पुरेसे अचूक नाही असे त्यांना वाटे. मग ते त्याला अटी जोडत आणि त्या अटींनाही पुन्हा अटी जोडत. व्यवहारात ते भाबडे होते. गुरू फ्योपल यांच्या मुलीला मागणी घालताना दोन मुलींपैकी कोणती हे सांगायचेच ते विसरले, असा किस्सा त्यांचे शिष्य थिओडोर फॉन कार्मान यांनी नोंदवला आहे. शिष्याने सांगितलेला किस्सा चरित्रकाराने जरा जपूनच घ्यावा. 1909 मध्ये थोरल्या गेरट्रूड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसार सुखाचा झाला, इतके निश्चित. त्यांना दोन मुली झाल्या. कार्मान यांच्याखेरीज ब्लाझियुस, टोलमीन, आकेरेट, बुझेमान अशी माणसे गटिंगेनला त्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्या सहवासात घडली. कमी बोलणाऱ्या या शिक्षकाभोवती एवढे विद्यार्थी का जमले, याचे उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेत सापडते.

एक प्रयोग पाहू. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह आयफेल (मनोऱ्याचे तेच आयफेल) हे हवेत ठेवलेल्या गोळ्यावर पडणारा अडथळा मोजत होते. त्यांचे आणि गटिंगेनचे आकडे जुळेनात. फरक दुपटीहून अधिक होता. कोणाचे तरी यंत्र चुकले असावे, असे कोणालाही वाटले असते. 1914 मध्ये प्रांटल यांनी गोळ्याच्या पुढील भागावर तारेचे एक बारीक कडे बसवले. गोळा त्यामुळे खडबडीत झाला. म्हणजे अडथळा वाढायला हवा. तो कमी झाला! कारण तारेमुळे सीमास्तरात खळबळ माजली. खळबळीने बाहेरची वेगवान हवा थरात आणली, थर भिंतीला अधिक काळ धरून राहिला आणि गोळ्यामागील पोकळ भाग अरुंद झाला. दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूला ठेवून गोलंदाज तो हवेत वळवतो तेव्हा हेच घडते. शिवणीच्या बाजूची हवा चेंडूला अधिक काळ चिकटून राहते आणि दुसऱ्या बाजूची लवकर सुटते.

या प्रयोगातून प्रांटल यांच्या लक्षात आलेली गोष्ट पुढील भागासाठी महत्त्वाची आहे. खळबळ म्हणजे केवळ गोंधळ नव्हे. ती मिसळण्याचे काम करते. वेगवान भागातील गती मंद भागाकडे आणि मंद भागातील वेगवान भागाकडे वाहून नेणारी ती एक प्रकारची हमाली आहे. पण किती माल, किती दूर नेला जातो? 1925 मध्ये त्यांनी मिश्रण-लांबीची कल्पना मांडली. प्रवाहातील एखादा लहानसा गोळा आपल्या थरातून निसटून शेजारच्या थरात शिरतो, काही अंतर आपला मूळ वेग राखतो आणि मग भोवतालात मिसळून जातो. हे अंतर म्हणजे मिश्रण-लांबी. कल्पना ओबडधोबड होती आणि प्रांटल यांनाही ते ठाऊक होते. पण तिने हिशेब करता येत होता. 1926 मध्ये टोलमीन यांनी तिच्या आधारे हवेचा झोत स्थिर हवेत शिरतो तेव्हा त्यांच्या सीमेवर तयार होणाऱ्या मिश्रण-थराचे गणित केले. हा थर पुढे पुढे जाताना सरळ प्रमाणात रुंद होत जातो, असे त्यातून दिसले आणि ते मोजमापांशी जुळले. 1942 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, प्रांटल यांनी अशा भिंतीविना होणाऱ्या मिश्रणासाठी आणखी सोपे सूत्र सुचवले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. संथ वाहणाऱ्या हवेची घनता जवळजवळ बदलत नाही. वेग वाढला की हवा दाबली जाते, विरळ होते, तापते, निवते. या गुणाला संपीड्यता म्हणतात. हवेत दाबातील बदलाची वार्ता ध्वनीच्या वेगाने पसरते. नेहमीच्या तापमानाला तो वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो. प्रवाहाचा वेग आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तराला माख अंक म्हणतात. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या स्मरणार्थ हे नाव 1929 मध्ये दिले ते आकेरेट यांनी, म्हणजे गटिंगेनमध्ये तयार झालेल्या माणसानेच. स्वतः प्रांटल वाफेच्या झोतांत उठणाऱ्या लाटांचा अभ्यास विमानांचे युग नीट सुरू होण्यापूर्वीपासून करीत होते. 1908 मध्ये त्यांचे विद्यार्थी थिओडोर मायर यांनी स्वनातीत प्रवाह कोपऱ्यावरून वळताना कसा पसरतो, याचे गणित सिद्ध केले. पुढे 1935 मध्ये रोम येथे केवळ उच्च वेगांसाठी भरलेल्या परिषदेत या विषयाचा समग्र आढावा घेण्याचा मान प्रांटल यांच्याकडेच आला.

खळबळ आणि संपीड्यता हे दोन विषय त्यांनी जणू दोन वेगळ्या वह्यांत लिहिले. दोन्हींत त्यांचे नाव पहिल्या पानावर आहे. पण दोन्ही वह्या एकत्र उघडाव्यात, म्हणजे स्वनातीत वेगाने वाहणाऱ्या दोन झोतांच्या सीमेवर भोवऱ्यांचे काय होते ते पाहावे, ही वेळ त्यांच्या हयातीत आली नाही.

येथे आपल्याला त्यांच्या प्रयोगशाळेच्या बाहेर यावे लागेल. 1933 मध्ये नाझी राजवट आली आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलण्यात आले. गटिंगेनचा गणित आणि भौतिकीचा वैभवशाली विभाग काही महिन्यांत ओस पडला. गणितज्ञ रिखार्ड कूरांट यांना पदावर ठेवावे यासाठी केलेल्या निवेदनावर प्रांटल यांची सही आहे. वेर्नर हायझेनबर्ग यांच्यावर पक्षनिष्ठ शास्त्रज्ञांनी चिखलफेक केली, तेव्हा 1938 मध्ये प्रांटल यांनी थेट हिमलर यांना पत्र लिहून हायझेनबर्ग यांची बाजू मांडली. याला धैर्य लागते. ते पक्षाचे सदस्यही नव्हते.

एवढ्यावर थांबलो तर चित्र खोटे ठरेल. याच काळात त्यांच्या संस्थेला हवाई मंत्रालयाकडून अमाप पैसा मिळाला, नवी वातविवरे उभी राहिली आणि त्यांतील संशोधन युद्धासाठी वापरले गेले. युद्धकाळात हवाई संशोधनाच्या नियोजनाची मोठी जबाबदारी त्यांनी स्वीकारली. केंब्रिजचे जी. आय. टेलर हे खळबळीच्या अभ्यासातील त्यांचे समकक्ष मित्र. त्यांच्या घरी प्रांटल यांनी पाठवलेल्या पत्रांत हिटलरच्या राजवटीचे समर्थन आहे आणि या पत्रांनंतर ती मैत्री उरली नाही. जे मुख्य आहे ते हेरायचे आणि बाकीचे नगण्य मानून बाजूला ठेवायचे, ही प्रांटल यांची वैज्ञानिक शक्ती होती. शेजारच्या माणसांवर जे गुदरत होते तेही त्यांनी असेच बाजूला ठेवले काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटते. आपण याच्याशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. भाबडेपणा हे कारण अनेकांनी पुढे केले आहे. पण गोळ्यावरील तारेचे कड्याइतके सूक्ष्म रहस्य ज्याला दिसले, त्याला हे दिसू नये, हे पटणे अवघड जाते.

1945 च्या वसंतात अमेरिकन सैन्य गटिंगेनला पोहोचले. पाठोपाठ वैज्ञानिकांचे एक पथक आले. त्यात कार्मान होते. बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबातले हे शिष्य 1930 पासून अमेरिकेत पासाडीनाला स्थायिक झाले होते. त्यांच्यासोबत त्यांचे चिनी शिष्य च्यान श्वेसेन होते. हेच पुढे चीनच्या अग्निबाण कार्यक्रमाचे जनक झाले. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य समोरासमोर बसले. त्यांपैकी गुरू पराभूत देशाचे आणि चौकशी होणारे होते. छळछावणीतील मजुरांकडून अग्निबाण तयार करून घेतले जात ते नोर्डहाउझेनचे ठिकाण कार्मान यांनी नुकतेच पाहिले होते. आपल्या घराच्या छपराचे बॉम्बने नुकसान झाल्याची तक्रार प्रांटल यांनी त्यांच्यापाशी केली, असे कार्मान यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या आठवणीत कडवटपणा आहे. तरीही प्रांटल यांच्या विज्ञानाविषयीचा आदर कार्मान यांनी कधी सोडला नाही.

याच 1945 साली सत्तरीच्या प्रांटल यांनी खळबळीवरचा आणखी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी भोवऱ्यांतील ऊर्जेसाठी स्वतंत्र समीकरण मांडले. 15 ऑगस्ट 1953 रोजी गटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

न उघडलेल्या त्या दोन वह्या एकत्र उघडल्या गेल्या त्या पासाडीनामध्ये, कार्मान यांनी नावारूपाला आणलेल्या प्रयोगशाळेत. स्वनातीत वेगाला मिश्रण-थर अपेक्षेपेक्षा फार सावकाश रुंदावतो, हे तोवर ध्यानात आले होते. वेगाबरोबर दोन झोतांच्या घनतेत फरक पडतो, त्याचाच हा परिणाम असावा, असा समज होता. 1974 मध्ये ब्राऊन आणि रोश्को यांनी हेलियम आणि नायट्रोजन हे अगदी वेगळ्या घनतेचे वायू मुद्दाम कमी वेगाने एकमेकांशेजारून वाहू दिले. घनतेने फरक पडला, पण तो फारच थोडा होता. म्हणजे दोषी संपीड्यता होती. शिवाय त्यांच्या छायाचित्रांत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या थरात केवळ गोंधळ असेल असे मानले जाई, त्यात मोठमोठे सुव्यवस्थित भोवरे ओळीने चालले होते. प्रांटल यांच्या लहानशा गोळ्यांच्या चित्रात हे भोवरे नव्हते.

1988 मध्ये पापामोस्कू आणि रोश्को यांनी भोवऱ्याबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने वेग मोजले. अशा निरीक्षकाला दिसणारा माख अंक एकच्या आसपास गेला की थराच्या वाढीचा दर संथ प्रवाहातील दराच्या सुमारे चतुर्थांश ते पंचमांश एवढाच उरतो, असे त्यांना आढळले. कारण समजायला आपली ध्वनीची वार्ता पुन्हा आठवा. भोवऱ्याचा एक भाग दुसऱ्याला दाबाच्या साहाय्यानेच ढकलतो. भोवऱ्यांच्या दोन बाजूंतील वेगाचा फरक ध्वनीच्या वेगाएवढा झाला की हा निरोप वेळेवर पोहोचत नाही. दाबातील चढउतार क्षीण होतात, एका दिशेच्या गतीतील ऊर्जा दुसऱ्या दिशेकडे पुरेशी वळत नाही आणि हमालांचे हात थकतात. प्रवाहाला आडवे पसरलेले भोवरे मोडून तिरके, त्रिमितीय भोवरे पुढे येतात. नव्वदीच्या दशकात संगणकावरील गणितांनी दाबाच्या या भूमिकेला दुजोरा दिला.

ही बाब केवळ पुस्तकी नाही. स्वनातीत हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनात हवा आणि इंधन यांना मिसळायला एका सेकंदाच्या हजारांश भागाच्या आसपास वेळ मिळतो. नेमक्या त्याच वेगाला मिसळण्याची क्रिया मंदावते. भारताने असे इंजिन 28 ऑगस्ट 2016 रोजी श्रीहरिकोटा येथून प्रथम उडवून पाहिले आणि ते सुमारे पाच सेकंद चालले. त्या केंद्राला ज्यांचे नाव आहे ते सतीश धवन याच पासाडीनाच्या प्रयोगशाळेत शिकून आले होते. अशा इंजिनांत इंधन सोडण्याच्या तोंडांना खाचा, उतार, तिरके कोन देऊन भोवरे मुद्दाम निर्माण करावे लागतात. गोळ्यावर तारेचे कडे बसवण्याच्या जातीचाच हा उपाय आहे.